ज्वालामुखी फुगतोय की हवा खेळतेय? सॅटेलाईट रडारचा डेटा घरबसल्या बघायचा कसा

तव्यावरची भाकरी पूर्ण फुगायच्या आधी एका बाजूने हळूच उचलली जाते, बघितलं असेल. ज्वालामुखीचंही बरंचसं तसंच. खाली मॅग्मा शिरला की वरची जमीन उचलली जाते, पण काही किलोमीटर रुंदीत काही सेंटीमीटरच, त्यामुळे तिथे उभ्या असलेल्या माणसाला पत्ताही लागत नाही. ७०० किलोमीटर वरून जाणाऱ्या सॅटेलाईटला मात्र लागतो. आणि हा डेटा फुकट आहे, तुम्हालाही आणि मलाही. मी काही भूगर्भशास्त्रज्ञ नाही, जीआयएसची, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे बनवायची नोकरी करतो आणि रविवारचा उद्योग म्हणून हे शिकलो, त्यामुळे मी जिथे जिथे तोंडावर आपटलो ते सगळं यात येणार आहे.

आधी थोडक्यात, रडार करतं काय. युरोपच्या सेंटिनल-१ सॅटेलाईटचं रडार साधारण साडेपाच सेंटीमीटर लांबीची लाट खाली सोडतं आणि परत आलेली पकडतं, ढग असो, रात्र असो, राख उडत असो, काही फरक पडत नाही. परत आलेल्या लाटेच्या दोन गोष्टी नोंदवल्या जातात, एक म्हणजे ती किती जोरात आली आणि दुसरी म्हणजे ती लाटेच्या चढउतारात नेमकी कुठल्या टप्प्यावर असताना आली, याला फेज म्हणतात. एकाच जागेची दोन तारखांची फेज एकमेकांतून वजा केली की इंटरफेरोग्राम मिळतो, म्हणजे तो साबणाच्या फुग्यावरच्या रंगांसारखा पट्ट्यापट्ट्यांचा नकाशा. रंगांचं एक पूर्ण चक्र म्हणजे एक फ्रिंज, आणि लाट जाते पण आणि येते पण, म्हणून एक फ्रिंज = अर्धी लाट = २.८ सेंटीमीटर. हा आकडा पाठच करा. या सगळ्या प्रकाराला इनसार म्हणतात.

सरावाला जागा कुठली घ्यायची? माझं मत विचाराल तर आइसलंड, तिथला रेकयानेस द्वीपकल्प, त्यात स्वार्टसेंगी. कारण तिथे झाडं जवळपास नाहीत, उघडा काळा लाव्हा आहे, त्यामुळे सिग्नल स्वच्छ येतो, आणि घडामोडी इतक्या झाल्यात की उदाहरणं कमी पडत नाहीत. २५ ऑक्टोबर २०२३ ला तिथे भूकंपांचा सपाटा सुरू झाला, दोन दिवसांत स्वार्टसेंगीची जमीन उचलायला लागली, ९ नोव्हेंबरला शेजारचं प्रसिद्ध ब्लू लगून बंद केलं, १० तारखेच्या रात्री ग्रिंडाविक गाव, साधारण ३,८०० वस्तीचं, रिकामं केलं, आणि पहिला उद्रेक झाला १८ डिसेंबरला. तिथपासून जुलै २०२५ पर्यंत नऊ उद्रेक सुरू झाले. प्रत्येक वेळी तेच, जमीन फुगते, फुटते, खाली बसते, परत फुगायला लागते. शिकाऊ माणसासाठी याहून चांगला वर्ग नाही. (आपला सह्याद्री पण लाव्हाचाच, पण तो साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, तिथे फ्रिंज शोधत बसू नका.)

आता डेटा. नासाच्या अर्थडेटाचं फुकट अकाउंट काढा आणि अलास्का सॅटेलाईट फॅसिलिटीचं व्हर्टेक्स नावाचं पेज उघडा. नकाशावर रेकयानेसच्या टोकाभोवती चौकोन काढा, डेटासेटमध्ये सेंटिनल-१ चे बर्स्ट निवडा. बर्स्ट म्हणजे पूर्ण फोटोचा एक तुकडा, साधारण २० बाय ८० किलोमीटरचा, आपल्या कामाला तो किंवा शेजारचे दोन पुरतात. अख्खा २५० किलोमीटर रुंदीचा सीन उतरवायला गेलात तर एकेक फाइल काही जीबीची, आणि वापरणार त्यातला कोपरा. पोलरायझेशन (लाटेच्या कंपनाची दिशा) विचारलं तर व्हीव्ही. फाइलचा प्रकार एसएलसी, म्हणजे फेजसकटचा असला पाहिजे, जीआरडी नको, जीआरडीत लाटेचा फक्त जोर असतो, फेज नसतेच, आणि गूगल अर्थ इंजिनमध्ये सेंटिनल-१ चा फक्त जीआरडी आहे, हे मला दोन रविवार घालवल्यावर कळलं.

मग जोडी निवडायची. व्हर्टेक्समध्ये बेसलाइनचं टूल आहे, एक तारीख निवडली की बाकीच्या सगळ्या तारखा ठिपक्यांच्या आलेखात दिसतात, आडव्या बाजूला दिवस, उभ्या बाजूला दोन फेऱ्यांमध्ये सॅटेलाईट किती मीटर बाजूला होता ते. दोन्ही जितकं कमी तितकं बरं. दोन्ही तारखा एकाच ट्रॅकच्या (सॅटेलाईटच्या ठरलेल्या वाटेच्या) आणि एकाच दिशेच्या हव्यात, म्हणजे दोन्ही असेंडिंग (दक्षिणेकडून उत्तरेकडे जाताना) किंवा दोन्ही डिसेंडिंग (उत्तरेकडून दक्षिणेकडे येताना), त्यांची सरमिसळ चालत नाही. सेंटिनल-१बी डिसेंबर २०२१ मध्ये बंद पडला आणि १सी वर गेला डिसेंबर २०२४ मध्ये, त्यामुळे २०२३ च्या शरद ऋतूत एकटा १ए होता आणि त्याच ट्रॅकवर तो १२ दिवसांनीच परत यायचा. म्हणून एक तारीख २५ ऑक्टोबरच्या आधीची आणि दुसरी तिच्या १२ किंवा २४ दिवस नंतरची पण १० नोव्हेंबरच्या आधीची, अशी जोडी घ्या. १० नोव्हेंबर मध्ये आला की चित्र एकदम वेगळं होतं, त्याच्याकडे नंतर येतो.

प्रोसेसिंग स्वतःच्या मशीनवर करायचं असेल तर युरोपियन स्पेस एजन्सीचं स्नॅप नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात तुकडे वेगळे करा, अचूक कक्षेची फाइल लावा, दोन फोटो पिक्सेलला पिक्सेल जुळवा, इंटरफेरोग्राम काढा, डोंगरांच्या उंचीमुळे आलेले पट्टे डीईएम, म्हणजे जमिनीच्या उंचीचा डिजिटल नकाशा, वापरून काढून टाका, फिल्टर मारा, अनरॅप करा (म्हणजे परत परत येणारी रंगांची चक्रं मोजून सलग आकडा काढा), नकाशावर बसवा, अशी मोठी वरात आहे. एकदा जरूर करा, प्रत्येक पायरीला काय होतं ते कळतं. पण सुरुवातीला नको. व्हर्टेक्समधूनच ऑन डिमांड म्हणून काम देता येतं, जोडी रांगेत टाका, त्यांचे सर्व्हर करतात, तुम्ही चहा घेऊन या. ऑर्डर देताना रॅप्ड फेज (चक्रं न मोजलेले मूळ रंगीत पट्टे) आणि डिस्प्लेसमेंट मॅप (जमीन किती सरकली त्याचा नकाशा) मागायचा पर्याय दिसला तर टिक करा, आणि वॉटर मास्क पण, कारण तीन बाजूंनी समुद्र आहे आणि समुद्राची फेज म्हणजे निव्वळ भेळ. तयार झालेली झिप दोन आठवडे तिथे राहते, मग उडवतात, तेव्हा लगेच उतरवून घ्या. आतल्या जिओटिफ फाइली (नकाशावर आपोआप जागेवर बसणारे फोटो) क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा.

सगळ्यात आधी रंगीत पट्टे उघडायचा मोह होतो. थांबा. आधी कोहिरन्सची फाइल उघडा. ती ० ते १ मध्ये असते आणि प्रत्येक पिक्सेलवर फेजवर किती विश्वास ठेवायचा ते सांगते. साधारण ०.३ च्या खाली असेल तिथले रंग बघायचेच नाहीत. बर्फ पडला, झाडी हलली, राख बसली, नांगरट झाली की कोहिरन्स पडतो. आइसलंडच्या हिवाळ्यात एका तारखेला बर्फ आणि दुसऱ्याला नाही असं झालं तर अख्खी जोडी कचऱ्यात जाते, म्हणून पहिला सराव मे ते ऑक्टोबरमधल्या जोडीवर करा, म्हणजे निराशा होणार नाही.

आता फ्रिंज. स्वार्टसेंगीभोवती गोलगोल कड्या दिसल्या, कांद्याची आडवी चकती कापल्यावर दिसतात तशा, तर बाहेरून मध्यापर्यंत किती वेळा रंगांचं चक्र पूर्ण झालं ते मोजा. समजा चार आले. ४ गुणिले २.८ म्हणजे ११.२ सेंटीमीटर. पण ही उंची नाही हं, हे सॅटेलाईटच्या तिरक्या नजरेच्या रेषेतलं अंतर आहे. सेंटिनल उभा खाली बघत नाही, साधारण २९ ते ४६ अंश तिरका बघतो. तिथे कोन ३७ अंश असेल आणि जमीन सरळ वरच गेली असं धरलं तर ११.२ ला ०.८ ने भागा, १४ सेंटीमीटर. रंग कुठल्या क्रमाने गेले म्हणजे वर आणि कुठल्या क्रमाने म्हणजे खाली, हे सॉफ्टवेअरप्रमाणे बदलतं, त्यामुळे रंगांवरून ठरवू नका, झिपमधल्या रीडमीत चिन्हाचा नियम वाचा. उलटसुलट झालं की फुगलेला ज्वालामुखी बसलेला दिसतो.

आणि डिस्प्लेसमेंटच्या फाइलमधला शून्य हा खरा शून्य नसतो. इनसार फक्त एका पिक्सेलच्या तुलनेत दुसरा किती हलला ते सांगतं. म्हणून लांबचा, सपाट, चांगल्या कोहिरन्सचा एखादा पिक्सेल घ्या, मी केफ्लाविककडचा घेतो, तिथली किंमत रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये सगळीकडून वजा करा. हे एका ओळीचं काम आहे आणि नवखे हमखास विसरतात.

इथपर्यंत कोणीही पोचतं. खरी गंमत पुढे आहे, कारण दिसलेल्या फ्रिंजवर लगेच विश्वास ठेवायचा नसतो.

माझीच गोष्ट. सिसिलीतल्या एटनाची एक जोडी काढली होती, शिखराभोवती दोन छान बंद कड्या, साडेपाच सेंटीमीटर, मी मित्रांच्या ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकून मोकळा, "एटना फुगला रे". एकाने विचारलं पुढच्या १२ दिवसांचं काय. काढलं, तर तेवढ्याच दोन कड्या, पण उलट्या. बारा दिवसांत फुगला आणि पुढच्या बारा दिवसांत तेवढाच बसला? काही फुगलंबिगलं नव्हतं. मधल्या तारखेला हवेत बाष्प वेगळं होतं. रडारची लाट दमट हवेतून जाताना किंचित रेंगाळते, आणि दमटपणात २० टक्क्यांचा फरक असला तर १० सेंटीमीटरपर्यंत चूक येऊ शकते. वर उंच डोंगर म्हणजे पायथ्याशी हवेचा जाड थर आणि शिखरावर पातळ, म्हणून हा फरक बरोबर डोंगराच्या आकाराच्या कड्या काढतो, आणि आपल्याला नेमकं तेच बघायचं असतं. दुधाने तोंड पोळलं, तेव्हापासून ताकही फुंकून पितो.

फुंकायचं कसं ते सांगतो. पहिलं, तारखा बदला. पहिली-दुसरी, दुसरी-तिसरी, पहिली-तिसरी अशा तीन जोड्या काढा. सिग्नल एकाच तारखेच्या मागे मागे फिरत असेल, म्हणजे ती तारीख असली की आहे आणि नसली की गायब, तर ती त्या दिवसाची हवा. जमीन खरंच फुगत असेल तर पहिली-तिसरीत तो वाढलेला दिसतो. दुसरं, उंचीचा नकाशा खाली ठेवा. फ्रिंज समोच्च रेषांच्या बरोबरीने चालत असतील तर संशय घ्या. स्वार्टसेंगी सपाटसं आहे म्हणून तिथे हा त्रास कमी, हेही ते निवडायचं एक कारण. तिसरं, आणि मला सगळ्यात आवडणारं, असेंडिंग आणि डिसेंडिंग दोन्ही बघा. असेंडिंगला सॅटेलाईट पश्चिमेकडून बघतो आणि डिसेंडिंगला पूर्वेकडून. फुगणारी जमीन वर तर जातेच पण चारी बाजूंना थोडी पसरते पण, त्यामुळे खऱ्या फुगवट्याचा मध्य असेंडिंगमध्ये थोडा पश्चिमेला आणि डिसेंडिंगमध्ये थोडा पूर्वेला सरकलेला दिसतो. हवेला हे नाटक जमत नाही.

दोन्ही हातात आले की अजून एक फायदा. सॅटेलाईटकडे सरकणं अधिक धरलं तर दोघांची बेरीज अर्धी केली की मुख्यतः वर-खाली हालचाल उरते, डिसेंडिंगमधून असेंडिंग वजा करून अर्धं केलं की पूर्व-पश्चिम. उत्तर-दक्षिण मात्र जवळपास दिसतच नाही, सॅटेलाईट साधारण त्याच दिशेने उडत असतो ना, तिथे रडार आंधळं.

चौथं म्हणजे जीपीएस. स्वार्टसेंगीलाच सेंग नावाचं कायमचं जीपीएस स्टेशन आहे, आइसलंडचं हवामान खातं आलेख टाकत असतं. तुमच्या नकाशातला तिथला आकडा त्या आलेखाशी एकदोन सेंटीमीटरमध्ये जुळला तर पाठ थोपटून घ्या. नाही जुळला तर आधी चूक स्वतःची शोधा, जीपीएसची नाही.

आकडा खात्रीचा झाला की खाली किती खोल काय आहे याचा अंदाज कागद-पेन्सिलीवर लागतो. खाली गोळ्यासारखा मॅग्माचा साठा आहे असं समजा. फुगवट्याची उंची मध्यापासून जिथे निम्मी होते ते अंतर मोजा, ते साधारण खोलीच्या ०.७७ पट असतं. म्हणजे १४ सेंटीमीटरचे ७ सेंटीमीटर साडेतीन किलोमीटरवर झाले तर खोली साधारण साडेचार किलोमीटर. मग आकारमान किती वाढलं? मधली उंची गुणिले पाय (गणितातला ३.१४) गुणिले खोलीचा वर्ग, भागिले ०.७५. सगळं मीटरमध्ये घातलं की जवळपास १ कोटी २० लाख घनमीटर येतात. स्वार्टसेंगीच्या खालचा साठा खरं तर गोळ्यापेक्षा आडव्या पापडासारखा आहे, त्यामुळे हा आकडा ढोबळ, पण चार किलोमीटर की चाळीस, लाख की कोटी, एवढं कळायला पुरतो.

आता १० नोव्हेंबर २०२३. त्या संध्याकाळी फुगवट्यातला मॅग्मा बाजूला धावला आणि काही तासांत साधारण १५ किलोमीटर लांबीची उभी भेग भरत गेला, थेट ग्रिंडाविकच्या खालून. ही तारीख मध्ये असलेली जोडी उघडलीत तर कांद्याची चकती दिसणार नाही, फुलपाखरासारखे दोन पंख आणि मधे दाट, विस्कटलेली पट्टी दिसेल. गावातली जमीन पट्ट्यात एक मीटरहून जास्त खचली, तीही थोड्याशा रुंदीत, म्हणजे फ्रिंज इतक्या खेटून की एका पिक्सेलपासून शेजारच्यापर्यंत अर्ध्या चक्राहून जास्त फरक, आणि मग अनरॅपिंग करणारा प्रोग्रॅम मोजणीच चुकतो. तो छानसा गुळगुळीत आकडा देतो, पण खोटा देतो. अशा वेळी अनरॅप्ड फाइल बाजूला ठेवा, रॅप्ड फेज उघडा, आणि आकडे सोडून रेषा शोधा. फ्रिंज जिथे कात्रीने कापल्यासारखी तुटून पलीकडे सरकून परत सुरू होते, तिथे जमिनीला भेग आहे. ४० मीटरच्या बारीक पिक्सेलवर काढलंत तर रस्त्यांच्या नकाशावर ठेवून कुठली भेग कुठल्या वस्तीखालून जाते इतपत दिसतं. हे नुसतं कुतूहल नव्हतं, जानेवारी २०२४ मध्ये याच गावात भेगा बुजवायचं काम करणारा एक माणूस अशाच एका भेगेत पडला आणि सापडलाच नाही. त्यानंतर चारच दिवसांनी, १४ तारखेला, लाव्हा गावात शिरला आणि तीन घरं जळाली.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. १० नोव्हेंबरच्या रात्री गाव रिकामं करायचा निर्णय भूकंपमापक आणि जीपीएसच्या आकड्यांवरून घेतला गेला. सॅटेलाईट जेव्हा वरून जाईल तेव्हाच बघणार, मॅग्मा त्याच्यासाठी थांबत नाही. म्हणून घरी बसून इंटरफेरोग्राम काढून "अमुक दिवशी फुटणार" असं कुठेही टाकू नका. गॅलापागोसच्या सिएरा नेग्राने २००५ पासून जवळपास साडेसहा मीटर फुगून मग जून २०१८ मध्ये उद्रेक केला. उद्या फुटेल उद्या फुटेल म्हणत तेरा वर्षं काढावी लागली असती.

उद्रेक सुरू झाल्यावर मात्र फेज जवळपास निकामी, तेव्हा दुसरी गोष्ट कामाला येते, लाट किती जोरात परत आली ते, म्हणजे साधा काळापांढरा रडार फोटो. २२ डिसेंबर २०१८ ला इंडोनेशियात अनाक क्राकाताऊची एक बाजू समुद्रात कोसळून सुनामी आली, चारशेहून जास्त लोक गेले, वर ढग आणि राख, साध्या फोटोत काही दिसेना, आणि काही तासांतच आलेल्या सेंटिनल-१ च्या फोटोत बेटाचा लचका तुटलेला स्पष्ट होता. त्याआधी २०१० मध्ये जावातल्या मेरापीच्या मुखात लाव्हाचा घुमट किती झपाट्याने वाढतोय ते कॅनडाच्या आणि जर्मनीच्या रडार सॅटेलाईटवरून दिसत होतं आणि ते गावं हलवण्याच्या निर्णयात वापरलं गेलं. तुम्हाला हे करायचं असेल तर जीआरडी पुरतो, आधीचा एक, नंतरचा एक, दोन्ही एकाच ट्रॅकचे, आणि क्यूजीआयएसमध्ये एक लाल एक निळसर करून एकावर एक ठेवा, बदललेली जागा रंगाने उठून दिसते. फक्त रडारच्या फोटोत डोंगराचा सॅटेलाईटकडचा उतार दाबलेला किंवा पुढे पडल्यासारखा दिसतो, त्याला कोसळलेला कडा समजू नका.

आणि नवीन लाव्हा कुठपर्यंत गेला हे बघायचं तर परत कोहिरन्स. उद्रेकाच्या आधीची आणि नंतरची जोडी घ्या, जिथे जमीन तीच राहिली तिथे पांढरं, जिथे वर नवीन लाव्हा बसला तिथे काळंकुट्ट, कडा इतकी ठसठशीत की पेन्सिलीने गिरवून घ्यावी. बर्फ असेल तर सगळंच काळं दिसेल, ते वर आलंच.

झाडीच्या ज्वालामुखींना सेंटिनलची छोटी लाट पानांवरच अडकते. इस्रो आणि नासाचा निसार ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेला, त्याची एल-बँडची लाट साधारण २४ सेंटीमीटरची, पानांमधून बरीच खाली उतरते. तिथे एक फ्रिंज १२ सेंटीमीटरची, तेव्हा २.८ ची सवय झालेल्यांनी सांभाळा.

मी स्वतः अंदमानातल्या बॅरन बेटाच्या मागे आहे, भारतातला एकमेव जागता ज्वालामुखी. बेट जेमतेम ३ किलोमीटर रुंद, म्हणजे ८० मीटरच्या पिक्सेलने या टोकापासून त्या टोकापर्यंत ३७-३८ ठिपके, आणि चारी बाजूंना समुद्र, म्हणजे शून्य मोजायला दुसरी जमीनच नाही. सेंटिनलच्या तीन जोड्या काढल्या, तिन्हींत बेटाच्या जागी रंगीबेरंगी चुरमुरे. काळापांढरा फोटो तेवढा चांगला आला, मधला शंकू आणि पश्चिमेकडे समुद्रात उतरणारी खाच ओळखू येते. एल-बँडची जोडी मिळाली की परत बसणार आहे.